रोजचे दोन रुपये

त्या साहेबांचं नाव मी लिहीत नाही, आणि कचेरी शिरूरची होती की दौंडची तेही सांगत नाही. माणूस निवृत्त झालाय, पेन्शन खातोय, खाऊ दे. पण झालं ते मी सांगणारच. आमच्या शेंडगेवस्तीवर ही गोष्ट आता जो तो आपापल्या सोयीनं सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तोच सगळ्यांच्या पुढं असतो. खोटं आहे ते. पुढं एकटी म्हाळसा होती. म्हाळसा म्हणजे माझी सासू. मी तिला आत्या म्हणते.

साल दोन हजार तीन. दुष्काळाचं. रोजगार हमीवर आमच्या वस्तीमागं पाझर तलावाचं काम चालू होतं. बासष्ट माणसं कामावर, त्यात चाळीसेक बायका. माती खणायची, पाट्या भरून बांधावर टाकायची, मापात बसलं तर दिवसाचे पंचेचाळीस रुपये. मार्चच्या शेवटी एक दिवस मुकादम मोटरसायकलवर आला आणि गाडीवरून न उतरताच म्हणाला, उद्यापासून काम बंद. बांध अर्ध्यावर, खड्डा अर्ध्यावर. का बंद, तर वरून निधी नाही.

काम बंद म्हणजे वस्ती फुटणार, हे सगळ्यांना कळत होतं. आम्ही धनगर. आत्याची चूल लग्नानंतर वीस वर्षं दर चार दिवसांनी नव्या रानात मांडली गेली. माझा नवरा एका गावच्या बांधाला जन्मला, नणंद दुसऱ्याच तालुक्यात. ब्याण्णव साली आत्यानं शेवटची मेंढरं विकली आणि बिरोबापुढं भंडारा उचलून सांगितलं, "आता माझी चूल जागची हलणार न्हाई." तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही फिरती बिऱ्हाडं सोडली. पत्र्याची घरं झाली, चौथीपर्यंत शाळा आली. मी बारावी शिकलेली मुलगी राहू या पाण्याच्या, बागायती गावातून त्या माळावर नांदायला गेले, तेव्हा माझ्या आईनं महिनाभर जेवण गोड लागत नाही म्हणून सांगितलं होतं. पण वस्ती ही आत्यानं उभी केलेली होती. आता काम नाही म्हटल्यावर गडी पुण्याला हमालीला जाणार, बाया पोरं घेऊन वीटभट्टीवर जाणार, शाळेला कुलूप लागणार. आत्या दोन दिवस त्या अर्ध्या बांधावर जाऊन बसत होती.

तिसऱ्या दिवशी माझे दीर, खंडूभावजी, ओट्यावर बसून म्हणाले, "काम मागायचा अर्ज द्या. पंधरा दिवसांत काम न्हाई दिलं तर सरकारनं बेकार भत्ता द्यायचा, असा कायदाच हाय."

"किती?" आत्यानं विचारलं.

खंडूभावजी रांजणगावला एका कंपनीत कामाला होते. ती कंपनी बंद पडायच्या आधी चार महिने त्यांना घरी बसवून निम्मा पगार मिळाला होता. त्यांनी छातीठोक सांगितलं, "आमाला निम्मा मिळायचा. म्हंजी हितं निम्मा रोज. साडेबावीस रुपये."

मग काय विचारता! त्या संध्याकाळी वस्तीवर कुणी दुसरं काही बोललंच नाही. धुरपदाकाकूंच्या घराला दार नव्हतं, पोतं लावलेलं होतं. त्यांनी महिन्याचे पावणेसातशे धरले आणि त्यात चौकटीसकट दार बसवून टाकलं. कुणी शेळी घेतली, कुणी पोरीचं बारसं केलं. मीच वहीवर आकडे मांडून देत होते, म्हणून सांगते, माझाही अंदाज तोच होता. शिकलेली बाई म्हणून मी तो पडताळायला हवा होता. मला लाज वाटते ती त्याचीच.

माझा भाऊ पाबळला तांत्रिक शाळेत वेल्डिंग शिकत होता. त्याला निरोप धाडला, त्यानं कुठून तरी सरकारी पुस्तिका मिळवून आणली. मी ती ओट्यावर बसून वाचायला घेतली. अर्ज कुणाकडं द्यायचा, पोच कशी घ्यायची, पाच किलोमीटरच्या आत काम नसेल तर दुसरीकडं कसं देतात, दिलेल्या कामावर गेलं नाही तर भत्ता कसा बंद होतो, सगळं होतं. मग आकडा आला. मी दोनदा वाचला आणि पुस्तिका मिटली.

"काय झालं?" आत्या म्हणाली.

"दोन रुपये."

"तासाला?"

"दिवसाला."

खंडूभावजी उठून पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. धुरपदाकाकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "दोन रुपयात अर्धा चा येतो गं हाटेलात." लोक उठले. अर्जाचा विषय तिथंच संपल्यात जमा होता.

आत्या मात्र बसून राहिली. तिला अक्षरओळख नाही, पण मेंढराच्या पाठीवर हात ठेवून वजन सांगणारी बाई ती. तिनं मला विचारलं, "हे दोन रुपये द्यायचे म्हंजी त्यांना काय लिवावं लागतं?"

मी पुन्हा वाचून सांगितलं. काम मागितलं आणि सरकार देऊ शकलं नाही, असं लिहावं लागतं. साहेबाच्या सहीनं.

"कवा कुणाला दिल्यात का असं?"

"मी तरी ऐकलं नाही."

"न्हाईच देणार. सोताच्या हातानं कोण लिवंल, मला काम देता आलं न्हाई म्हणून?" काम बंद पडल्यापासून तिचा चेहरा इतका कधी उजळला नव्हता. "पोरी, तू उलटा अंदाज केलास. आपल्याला दोन रुपये किती, ते मोजत बसलीस. त्याला ते किती जड जात्यात, ते मोज. ते लिवण्यापरीस त्यो मुकाट तलाव चालू करंल. घे, लिव अर्ज."

बुधवारी तालुक्याचा बाजार असतो. त्या बुधवारी आम्ही बासष्ट अर्ज दिले आणि तारखेची पोच घेतली. आता इथं जी चूक झाली ती आमच्यासारख्यांकडूनच व्हायची. आम्ही दिवस बाजारावर मोजतो. बाजार ते बाजार आठ दिवस, तिसरा बाजार म्हणजे पंधरा दिवस. माझी आजी तसंच मोजायची, आत्या तसंच मोजते, बारावीला गणितात सत्तर मार्क असलेल्या मीही तसंच मोजलं. तिसऱ्या बाजाराला आम्ही सगळे कचेरीत जाऊन उभे राहिलो आणि आत्या साहेबांना म्हणाली, "पंधरा दिस झालं. काम न्हाई. भत्ता द्या."

साहेबांना आमचे अर्ज आठवतही नव्हते. आम्ही घरी बसलो असतो तर तो दिवस आणि पुढचा दिवस तसाच निघून गेला असता. त्यांनी फाईल मागवली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि हसले.

"बाई, आज चौदा दिवस झाले. पंधरा उद्या होतात." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही शिकलेली आहे ना तुमच्यात?"

दुपारी तीन वाजता त्यांनी आमच्या हातात हुकूम ठेवला. नदीकाठच्या एका गावी नालाबांधाचं काम आहे, रविवारपर्यंत सर्वांनी हजर व्हावं, न झाल्यास भत्त्याचा हक्क राहणार नाही. ते गाव आमच्यापासून अडतीस किलोमीटर. तिकडं जाणारी एस. टी. दिवसातून एकदा, तीही दोन गाड्या बदलून. साहेब म्हणाले, "काम मागितलंत, काम दिलं. आता जायचं की नाही, तुमचा प्रश्न."

पोरंबाळं, म्हाताऱ्या, घर टाकून अडतीस किलोमीटरवर कोण जाणार, हा त्यांचा अंदाज होता. शेतकऱ्याची वस्ती असती तर तो बरोबरही ठरला असता.

परत येताना टेम्पोत सगळे मलाच बोलत होते, आणि मी ऐकून घेत होते, कारण त्यांचं खरं होतं. एका दिवसानं घात केला होता. वस्तीवर उतरल्यावर आत्या मला म्हणाली, "रडू नगं. चल." ती सरळ हरिबाआप्पांकडं गेली. वस्तीवर अजून मेंढरं राखणारे ते एकटेच. त्यांच्याकडं दोन घोडी होती.

"आप्पा, घोडी द्या."

"कुठं निघालीस?"

"कामाव."

हरिबाआप्पांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हाळसा, तू भंडारा उचललावतास. चूल हलवायची न्हाई म्हणून."

आत्याचा आवाज त्या वेळी कापला. तेवढ्या सगळ्या दिवसांत तेवढाच एकदा. "उचललावता. बिरोबा काय दंड करंल त्यो मी भरीन. पर आज चूल हलवली न्हाई, तर उद्या ही वस्ती कायमची हलंल. द्या घोडी."

गुरुवारी पहाटे बासष्ट माणसं आणि चौतीस पोरं निघाली. घोड्यांवर वाकळा, पिठाचे डबे, वर पाय बांधलेल्या कोंबड्या. खोरी, टिकाव, पाट्या डोक्यावर. मला वाटलं होतं म्हाताऱ्या मागं पडतील. कसल्या पडतात! मागं पडले ते आम्ही पस्तिशीच्या आतले. पन्नाशीच्या बायका अकरा वर्षांनी पाय मोकळे झाल्यासारख्या झपाझप पुढं चालल्या होत्या आणि कुठल्या वाटेला पाणी आहे, कुठल्या गावचा पाटील खट आहे, हे सांगत होत्या. शुक्रवारी दुपारी आम्ही त्या गावात पोचलोसुद्धा.

गावाचे सरपंच पोपटराव माळी. काकडी-वांग्याचे मळे असलेला, पांढरी टोपी घातलेला सावध माणूस. एवढा जमाव पाहून ते आधी काठी घेऊनच आले. मी हुकूम दाखवला. त्यांनी तो वाचून उलटा करून मागं पण काही लिहिलंय का पाहिलं.

"नालाबांध? अहो, त्यो गेल्या दिवाळीतच पुरा झाला. पाटी लावलीय वर."

म्हणजे कामच नव्हतं. आम्ही येणार नाही याची साहेबांना इतकी खात्री होती की काम आहे की नाही हे बघायचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. खंडूभावजींनी तिथंच शिव्या द्यायला सुरुवात केली. आत्या मात्र पोपटरावांना निरखत होती.

"तुमी बाबूराव माळ्याचं काय?"

"त्यांचा थोरला. का?"

"तुमच्या हिरीच्या वरल्या रानात आमचं वाडगं बसायचं. दोनशे मेंढरं. तुमचे वडील खताच्या बदल्यात ज्वारी घालायचे पोत्यानं. तुमी तवा शाळंत जायचा."

पोपटरावांनी काठी खाली ठेवली. त्यांनी ग्रामपंचायतीच्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं की अमुक तारखेला बासष्ट मजूर हजर झाले, गावात रोजगार हमीचं कोणतंही काम चालू नाही. वर दोन पाट्या वांगी दिली. खंडूभावजी म्हणाले, "झालं, आता कागद घेऊन घरी चला."

"घरी का?" आत्या म्हणाली. "हुकूम हाय, हितं कामाव हजर ऱ्हायचं. काम चालू हुईपतुर आपण हजर."

तिनं वरच्या रानात तीन दगड मांडले आणि चूल पेटवली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता आम्ही त्या पुऱ्या झालेल्या बांधावर खोरी-टिकाव घेऊन ओळीत उभे राहायचो. मी हजेरी घ्यायची. नाव पुकारलं की "हाय" म्हणायचं. मग हजेरीची नक्कल, खाली सरपंचांची सही, आणि गावच्या पोस्टातून एक प्रत साहेबांना, एक कलेक्टरांना. प्रत्येकाचा पोस्टाचा दाखला मी जपून ठेवला. दिवसभर बायका पोपटरावांच्या आणि शेजारच्या मळ्यात खुरपायला जायच्या, त्यावर पीठमीठ चालायचं. गावातले लोक बघायला यायचे. एका मास्तरांनी सांगितलं की इनामगावला हजारो वर्षांपूर्वीच्या चुली उकरून काढल्यात, मोजमाप करून वहीत नोंदल्यात. आत्या म्हणाली, "मंग आमच्या बी नोंदवा म्हनावं. पेटत्या हायत तवर."

सोपं होतं असं नाही. पाचव्या दिवशी माझ्या मुलीला, शितलला, ताप भरला. अंगाला चटका बसावा इतका. पोपटरावांच्या बायकोनं गोळ्या दिल्या, पण ती दोन रात्री माझ्या मांडीवर कण्हत होती आणि मी मनात आत्याला नाही नाही ते बोलत होते. दोन रुपयांसाठी! खरंच बोलत होते, लपवत नाही.

अकराव्या दिवशी जीप आली. साहेब उतरले. चुली, घोडी, वाळत घातलेली लुगडी, सगळं पाहिलं. कलेक्टर कचेरीतून फोन गेला असावा, कारण आवाज मऊ होता.

"म्हाळसाबाई, उद्यापासून तुमच्या वस्तीवरचा तलाव सुरू करतो. न्यायला ट्रक आणलाय. भत्त्याची मागणी तेवढी मागं घ्या."

बायकांत गलबला झाला. कुणीतरी आनंदानं रडलंसुद्धा. माझ्या छातीवरचा दगड उतरला. झालं, मिळालं की काम!

"आन् अकरा दिसांचं?" आत्या म्हणाली.

"कसलं अकरा दिवसांचं?"

"अकरा दिस आमी हजर हुतो. काम न्हवतं. माणशी बावीस रुपये."

साहेबांनी पाकीट काढलं. पाचशेच्या तीन नोटा पुढं केल्या. "बासष्ट जणांचे तेराशे चौसष्ट होतात. हे दीड हजार. वरचे पोरांना खाऊला. आता तरी झालं?"

"तुमच्या खिशातलं नगं सायेब."

"पैसे ते पैसेच ना बाई!"

"न्हाई. ह्ये घेतलं तर तुमी आमाला भीक घातली असं हुईल. आमी भीक मागाया न्हाई आलो, कामाव आलो हुतो. सरकारच्या कागदाव द्या, काय लिवायचं ते लिवून द्या."

साहेबांनी पाकीट खिशात घातलं आणि मऊपणाही. "मागणी मागं घेतल्याशिवाय तलाव सुरू होणार नाही. राहा इथंच."

मी आत्याचा हात धरला. "आत्या, घ्या ना. शितल बघा कशी झालीय. तलाव मिळतोय, तेवढ्यासाठीच आलो होतो ना आपण?"

ती मला ओरडली नाही. हळू म्हणाली, "आज मागं घेतलं तर पुढल्या म्हैन्यात त्यो पुन्यांदा बंद करंल. आन् तवा आपल्याकडं काय आसंल? कागद आसंल तर त्यो भ्यायील. तुला जायचं तर जा पोरी. मी राग धरणार न्हाई. खरंच न्हाई."

जीपच्या मागून आलेला रिकामा ट्रक उभाच होता, मागणी सोडणाऱ्यांना त्यात बसायची मुभा साहेबांनी दिली. नऊ जण गेले. खंडूभावजी पहिले चढले. मी शितलला कडेवर घेऊन ट्रकच्या फाळक्यापर्यंत गेले. तिथून वळले. का वळले ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग होता, एवढं नक्की. "ही शिकलेली आहे ना तुमच्यात?" ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

त्रेपन्न राहिलो. पुढचे तीन दिवस हजेरी घेताना नऊ नावांपुढं गैरहजर लिहिताना हात जड व्हायचा. आत्या कमी जेवू लागली होती. तिसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर ती मला म्हणाली, "चुकलं काय गं माझं?" मी म्हणाले, "नाही." आणि भाकरी तिच्यापुढं सरकवली.

कलेक्टरांकडं आमची हजेरी रोज जातच होती, आणि त्याच दुपारी जीप परत आली. या वेळी साहेबांबरोबर एक कारकून होता, त्याच्याकडं नवं कोरं पत्रक, शाईचा पॅड आणि सुट्ट्या पैशांची कापडी पिशवी. साहेब आमच्याकडं न बघता म्हणाले, "तलाव सोमवारपासून सुरू. सगळ्यांसाठी. आणि चौदा दिवसांचे माणशी अठ्ठावीस रुपये. अंगठे द्या आणि मोकळं करा मला."

पोपटरावांच्या लिंबाखाली रांग लागली. आत्या पहिली. कारकुनानं तिचा अंगठा पॅडवर दाबला आणि पत्रकावर नेऊ लागला. तिनं हात मागं घेतला.

"वर काय लिवलंय?"

"पैसे मिळाले म्हणून," साहेब म्हणाले.

मी वाकून पाहिलं. "आत्या, कारणाचा रकाना आहे." मी वाचायला तोंड उघडलं तर तिनं मला थांबवलं.

"तू नगं. ज्यांची सही हाय त्यांनी वाचावं."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. पोपटराव होते, मास्तर होते, अर्धं गाव होतं. त्यांनी पत्रक हातात घेतलं आणि तोंडातल्या तोंडात वाचलं, "मागणी करूनही शासन सदर मजुरांना काम देऊ शकले नाही, सबब भत्ता अदा."

आत्याचा शाईचा अंगठा कागदावर तसाच अधांतरी. "मागल्या बायांला ऐकू गेलं न्हाई सायेब."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी घसा खाकरला आणि शाळेत मुलं धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत. मगच आत्यानं अंगठा टेकवला, अठ्ठावीस रुपये मोजून कनवटीला लावले आणि बाजूला झाली.

तिच्या मागं धुरपदाकाकू होत्या. त्यांनी पॅडवर अंगठा दाबला, कागदापाशी नेला आणि थांबवला.

"आता माझ्यासाठी बी वाचा," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागं अजून एक्कावन्न जण उभे होते.